माघातली जास्वंद

"दहा दिवस, बुवा, की तीन? की मुळीच नाही?"

विश्वंभरपंतांनी हे मठाच्या पायरीवरून विचारलं नाही. पायरीपासून चांगली वीस पावलं लांब, परसात उभं राहून विचारलं. सुतक असेल तर पायरी चढता येत नाही. आणि सुतक आहे की नाही, हेच विचारायला ते वाईहून पहिल्या एसटीने घाट चढून देवघळला आले होते.

पंतांचे गुरू अच्युतबुवा वाफ्याशी उकिडवे बसले होते. हातात कोयती होती. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण गेलं?"

ते नाव नऊ वर्षांत पंतांच्या तोंडून निघालं नव्हतं.

"ती," ते म्हणाले.



बुवांनी कोयती मातीवर ठेवली. मग दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकून नुसते बसून राहिले. माघाची थंडी होती, परसातल्या गवतावरचं दंव अजून विरघळलं नव्हतं.

"कधी?"

"आज दुसरा दिवस."

"कशाने?"

"ताप. पाच दिवसांत आटोपलं."

पंतांनी हे शाळेत सूचना वाचून दाखवावी तसं सांगितलं. पस्तीस वर्षं हेडमास्तर होते, आवाज कापू न देण्याची सवय होती. बुवांनी डोळे पुसले, पण पंतांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते शास्त्रात गुंतले होते.

"लग्न झालेल्या मुलीचं बापाला तीन दिवस," ते म्हणाले. "पण ते लग्न मी मानलेलंच नाही. तीन धरले तर मानल्यासारखं होतं. नाही मानायचं, तर ती कुमारिका. म्हणजे दहा. आणि खरं पाहिलं तर..."

"खरं पाहिलं तर काय?"

"तिच्या नावाने मी नऊ वर्षांपूर्वीच आंघोळ केली आहे. एक माणूस दोनदा कसं मरेल? म्हणजे काहीच नाही."

वाईत कुणाच्या घरी काही बरं-वाईट झालं की लोक पंतांचं दार ठोठावायचे. किती दिवस, कुणाला, काय चालतं, काय नाही, सगळं त्यांच्या जिभेवर. दुसऱ्याच्या घरचं सुतक सांगताना त्यांना कधी अडखळायला झालं नव्हतं. आज स्वतःच्या घरचं होतं, तर बस पकडून दुसऱ्याच्या दारात यावं लागलं.

त्या आंघोळीची गोष्टही सगळ्या आळीला माहीत होती. कालिंदी, पंतांची एकुलती एक मुलगी, उत्तमबरोबर लग्न करून मोकळी झाली. उत्तम पाचगणीच्या एका रोपवाटिकेत कामाला होता. जात वेगळी, आणि हातात कुदळ. पंतांना दोन्हींतलं जास्त काय खुपलं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. दोघं पाया पडायला आली तेव्हा पंत त्यांच्या अंगावरून विहिरीवर गेले. डोक्यावरून दोन घागरी पाणी ओतून घेतलं. ओल्या पंचाने परत आले आणि दाराशी उभ्या असलेल्या पोरीच्या देखत बायकोला म्हणाले, "आपल्याला मूल नव्हतं."

बायको त्यावर काही बोलली नाही. पुढे दोन वर्षांनी गेली, तोवरही बोलली नाही.

"म्हणजे तुला माझ्याकडून काय हवंय?" बुवांनी विचारलं.

"एक शब्द. उद्या उत्सव आहे. पादुकांची पूजा तीस वर्षं माझ्या हातून होते. सुतक असेल तर मला शिवता येणार नाही. नसेल तर तसं सांगा, मी सोवळं नेसतो. काय ते एकदाचं सांगा, म्हणजे मी मोकळा होईन."

"मोकळा..." बुवा म्हणाले.

त्यांनी कोयती उचलली आणि पंतांपुढे धरली.

"हे तेवढं कापून घे. माझे गुडघे दुखतात."

पंतांनी वाफ्याकडे पाहिलं. छातीएवढ्या उंचीची, करड्या रंगाची वाळकी काटकं उभी होती. टोकाला काळी पडलेली, फुटकी बोंडं. पाच-सहा झुडपं असतील. एकावर पान म्हणून नव्हतं.

"हे कसलं सरपण?"

"जास्वंद."

पंतांना अशा वेळीही हसू आलं.

"बुवा, जास्वंद मला सांगता? माझ्या दारात लाल जास्वंद आहे, आजोबांच्या वेळची. बारा महिने हिरवी असते. रोज गणपतीला एकवीस फुलं काढतो मी. जास्वंद अशी होत नाही. अशी झाली म्हणजे ती मेली."

"मेली म्हणतोस?"

"म्हणायचं काय त्यात? दिसतंय की!"

पंत पुढे झाले. मास्तरकी अंगात भिनलेली. एक दांडा धरला, नखाने त्याची साल खरवडली आणि बुवांच्या डोळ्यांपुढे नेला.

"हे बघा. जिवंत झाडाला आत हिरवं असतं. इथे आहे का? पार कोरडं. खालपर्यंत कोरडं." त्यांनी दुसरा दांडा खरवडला, तिसरा खरवडला. "तुम्ही भोळे, कुणीतरी दिलं म्हणून ठेवून घेतलं असेल. ही अडचण काढून टाका आणि झेंडू लावा."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"मग काढ," बुवा म्हणाले. "कुदळ त्या भिंतीला आहे."

पंत जरा चपापले. उभ्या जन्मात त्यांनी कुदळ धरली नव्हती. पण बोलून बसल्यावर माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी उपरणं फांदीवर टाकलं, धोतराचा काचा मारला आणि पहिला घाव घातला. माती भुसभुशीत होती, खाली शेणखत होतं. दुसऱ्या घावाला झुडूप हललं. तिसऱ्याला काहीतरी कटकन तुटलं. पंतांनी दांडे दोन्ही हातांनी धरून ओढले आणि गड्डा वर आला.



गड्डा चांगला नारळाएवढा होता. मुळं बोटासारखी जाड, ओली. आणि जिथे वाळके दांडे गड्ड्यातून निघत होते, तिथे, अगदी बुडाशी, हरभऱ्याएवढे कोंब होते. फिकट गुलाबी. सात-आठ तरी. दोन कोंब कुदळीने कापले गेले होते आणि त्या जागी पाणी सुटलं होतं.

पंत गड्डा हातात घेऊन उभे राहिले.

"हे जिवंत आहे," ते म्हणाले.

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझी शंभर टक्के खात्री होती."

पंतांनी गड्डा हळूच खाली ठेवला. बुवांनी तो आपल्याकडे ओढून घेतला आणि मुळांवर ओली माती लोटली. उघड्यावर ठेवला तर थंडीने करपतो.

"ही थंड देशातली जास्वंद आहे," ते सांगू लागले. "तुझ्या दारातल्यासारखी नाही. पौषात दंव पडलं की वरचं सगळं मरतं. खरोखरच मरतं, तू खरवडलास त्यात खोटं काही नव्हतं. माघात वीतभर ठेवून कापायचं, वर पाचोळा घालायचा, शेजारी एक काठी रोवायची."

"काठी कशाला?"

"जागा लक्षात राहावी म्हणून. नाहीतर कुणी शहाणा कुदळ घालतो."

पंतांनी मान खाली घातली.

"चैत्रात सगळ्या परसाला पालवी फुटते, हिला नाही. लोक येतात, म्हणतात, बुवा, ही गेली. मी म्हणतो, असू दे. वैशाख निम्मा सरला की मातीतून बोटभर कोंब दिसतो. मग मात्र हिला पाणी पुरवता पुरवत नाही. पुरुषभर वाढते. श्रावणात फूल येतं." बुवांनी दोन्ही हात पसरून दाखवले. "एवढं. जेवायच्या ताटाएवढं. पांढरं, मध्ये लाल. सकाळी उमलतं आणि दुसऱ्या सकाळी खाली पडलेलं असतं."

"मी कधी पाहिलं नाही."

"तू माघात येतोस."

पंत गड्ड्याकडे बघत होते. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि विचारायची भीती वाटत होती. थंड देशातलं झाड... असली झाडं देवघळात कुठून येणार? असली झाडं पाचगणीला, रोपवाटिकेत असतात.

"कुणी लावली?"

बुवांनी मुळांवर आणखी माती लोटली.

"बुवा, कुणी लावली?"

"पहिल्याच श्रावणात आली होती," बुवा म्हणाले. "ओल्या गोणपाटात मूळ गुंडाळून. नवऱ्याने दिलं होतं. वाईच्या उन्हात ही जगणार नाही, पण तुमच्याकडे जगेल, म्हणाली. स्वतः खड्डा खणला. एकाची पुढे मुळं वाटून सहा केली. दर श्रावणात एक दिवस यायची. सकाळच्या गाडीने यायची, दिवसभर तण काढायची, पाणी घालायची आणि शेवटच्या गाडीने जायची."

पंत खाली बसले. धोतर मातीत लोळलं, तिकडे त्यांनी पाहिलं नाही.

"नऊ वर्षं?"

"नऊ श्रावण."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत! मी दर वर्षी इथे येतो. या परसातून हात-पाय धुवायला जातो."

"तू पहिल्या माघात आल्या आल्या काय म्हणाला होतास?"

पंतांना आठवलं. तिचं नाव या मठात निघालं तर मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असं ते म्हणाले होते. चारचौघांत, पादुकांसमोर.

"तुझंही येणं तुटू नये आणि तिचंही तुटू नये, असं मला वाटलं," बुवा म्हणाले. "म्हटलं, कधीतरी हा श्रावणात येईल, नाहीतर ती माघात येईल. वाट बघत राहिलो. बोलायला हवं होतं. माझं चुकलं, विश्वंभरा."

गुरूच्या तोंडून असं काही ऐकायची पंतांना सवय नव्हती. रागावणार होते ते, तो राग जिथल्या तिथे राहिला. त्यांनी मातीत पडलेला एक तुटका कोंब उचलला आणि गड्ड्यावर त्याची जागा शोधू लागले. जिथून तो तुटला होता तिथे त्यांनी तो दाबून बसवला. हात काढला की तो खाली पडे. त्यांनी पुन्हा बसवला.

"राहू दे," बुवा म्हणाले. "तो आता लागायचा नाही."

पंतांनी पुन्हा बसवला.

"विश्वंभरा..."

"मला फोन आला होता," पंत म्हणाले.

कोंब अजून त्यांच्या चिमटीत होता.

"ती गेल्यावरचा नव्हे. त्याच्या आदल्या दिवशी. त्याचा... उत्तमचा. म्हणाला, बाबा, ती दवाखान्यात आहे. तापात तुमचंच नाव घेते आहे. एकदा बोला तिच्याशी, मी फोन तिच्या कानाला लावतो." पंतांचा आवाज आता हेडमास्तरांचा राहिला नव्हता. "त्याने लावलाही असेल कानाला. मला पलीकडे श्वास ऐकू येत होता."

"मग?"

"मी म्हणालो, राँग नंबर."

मठाच्या पुढच्या अंगाला उत्सवाचा मांडव घालायचं काम चाललं होतं, बांबू आपटल्याचा आवाज येत होता.

पंत गुडघ्यांवर पुढे सरकले. गड्ड्याला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

"बुवा, पण मूळ जिवंत असतं ना? वरचं सगळं वाळून गेलं तरी खाली..."

"झाडाचं."

"माणसाचंही काहीतरी..."

"नाही," बुवा म्हणाले. "हे झाड आहे. ती पोर होती. तू खोटी आंघोळ केलीस तेव्हा ती जिवंत होती. नऊ वर्षं जिवंत होती, इथून दोन तासांवर. आता ती गेली, विश्वंभरा. वैशाखात ती यायची नाही."

तेव्हा पंत रडले.

तोंडावर उपरणं न घेता रडले. मातीचे हात तसेच तोंडाला लावले. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने, मांडवातल्या माणसांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्यांनी मुलीचं नाव घेतलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा घेतलं. तिच्या लहानपणी संध्याकाळी दिवेलागणीला घरात बोलवायचे, तसंच.

बुवांनी त्यांना आवरलं नाही. रडू देऊन झाल्यावर म्हणाले, "ऊठ. हिला मातीत घालू. फार वेळ बाहेर राहिली."

दोघा म्हाताऱ्यांनी मिळून गड्डा परत खड्ड्यात बसवला. कोंब वरच्या अंगाला येतील असा. पंत ओंजळीने माती लोटत होते, बुवा दाखवतील तितकीच दाबत होते. मग पंतांनी कोयती घेतली आणि सगळ्या झुडपांचे दांडे वीत-वीत ठेवून कापले. प्रत्येक वीत त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून मोजली. पाचोळा आणून घातला. काठ्या रोवल्या, सहा झुडपांना सहा.

सगळं झाल्यावर ते काठ्यांकडे पाहत उभे राहिले. मनाला काहीतरी धरायला हवं होतं.

"फुलं देवाला वाहत असेल ती," ते म्हणाले. "एवढाली फुलं. पादुका झाकून जात असतील."

"नाही."

"एखादं तरी?"

"एकही नाही. झाडावरच ठेवायची. पडली की उचलून बुडाशी घालायची."

"लहानपणी रोज माझ्या पूजेची परडी तीच भरायची हो. फूल तिच्या हातचंच लागायचं मला." पंत पायरीकडे वळले. "पायरी तरी चढायची ना? दर्शन घ्यायची?"

"कधी नाही. इथेच, या परसात. तू आत्ता उभा आहेस ना, तिथून पुढे कधी आली नाही."

"लाजत असेल. माझ्यामुळे."

"मलाही तसंच वाटलं होतं," बुवा म्हणाले. "तिसऱ्या वर्षी मी म्हटलं, पोरी, वर ये, हे फूल तुझ्या हाताने वाहा, इथे तुला कुणी काही बोलणार नाही. तर मागे सरकली. म्हणाली, नको बुवा. मला सुतक आहे."

"सुतक? तिच्या सासरी कुणी..."

"पुढच्या वर्षी विचारलं. तेच म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग मी विचारणं सोडलं."

पंतांच्या कपाळाला आठी पडली. कुठल्या नात्याचं सुतक इतकं लांबतं, हे त्यांच्या शास्त्रात कुठे बसेना. ते मनातल्या मनात नाती चाळू लागले. सासू, सासरा, दीर... वर्षानुवर्षांचं सुतक कुणालाच नसतं.

तेवढ्यात मठाचा नवा पुजारी पायरीवर आला. हातात धुतलेलं सोवळं होतं.

"पंत! अहो, तिकडे काय करताय मातीत? वर या, सोवळं काढून ठेवलंय. संध्याकाळी पादुका उजळायच्या आहेत. तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, ठाऊक आहे ना?"

पंतांनी पायरीकडे पाहिलं. तीस वर्षांचा मान होता तो. बुवा त्यांच्याकडे बघत नव्हते, खाली पडलेले दांडे गोळा करत होते.

"या वर्षी दुसऱ्या कुणाला सांगा," पंत म्हणाले. "मला सुतक आहे."

"अरेरे! कुणाचं?"

"माझ्या मुलीचं."

पुजारी गोंधळला. पंतांना मूल नाही, अशीच त्याची समजूत होती. तो दोन पायऱ्या उतरला, मग सुतकाची आठवण होऊन तिथेच थबकला.

"फार वाईट झालं हो. किती दिवसांचं?"

ज्या आकड्यासाठी पंत घाट चढून आले होते, तो त्यांच्याकडे अजूनही नव्हता. ते बुवांकडे वळले. हात जोडले होते, हाताला माती होती.

"किती दिवस धरू, बुवा? तुम्हीच सांगा. तीन? दहा?..."

बुवांनी दांड्यांची मोळी बांधली. गाठ मारली. मग वर पाहिलं.

"तिने तुझं नऊ वर्षं धरलं."